मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतला बिडाचा मॅक ट्रक, रंग न घालवता गंज कसा थांबवू?

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक खेळण्यातला ट्रक सापडला. बिडाचा, वीतभरापेक्षा थोडा मोठा, हातात घेतला की मनगटाला ओझं कळतं असा. बाबा लहान असताना त्यांच्या हातून पडून मागची फळी तुटली, तेव्हा आजोबांनी उचलून ठेवला तो कायमचाच, असं आत्या सांगते. तुटलेला तुकडाही त्याच फडक्यात होता.

पुढचं नाक उतरतं आहे. मॅक ही ट्रक बनवणारी अमेरिकन कंपनी; तिच्या 'एसी' नावाच्या खऱ्या ट्रकचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असे, म्हणून तसं नाक. दारावर 'मॅक' अक्षरं ओतलेली आहेत. अमेरिकेत फ्रीपोर्टच्या आर्केड या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने 1920 नंतरच्या काळात असे खेळण्यातले ट्रक केले. माझ्या ट्रकवर मात्र त्यांचं नाव कुठे सापडत नाही.

हा जुना अस्सल आहे की नंतरची नक्कल, ते जमेल तेवढं तपासलं. चुंबक घट्ट चिकटतो. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात नखही जात नाही. रिव्हेटांची डोकी ठोकून पसरवलेली आहेत, अधिकच्या खुणेचे नव्या काळातले स्क्रू कुठेच नाहीत. नकली मालाला बोट लावलं की वाळूसारखं खरखरीत लागतं, हा गुळगुळीत आहे. पण मन अजून निश्चिंत नाही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, त्यामुळे जुन्या खेळण्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते. म्हणून विनंती: कुणाकडे खात्रीचा आर्केडचा मॅक असेल तर एकूण लांबी आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगाल का? मी कॅलिपरने मोजून ठेवलं आहे, लगेच ताडून पाहता येईल.

दुसरा प्रश्न गंजाचा. टपावर आणि दारांवर मूळ लाल रंग बराच टिकून आहे. चाकांवर मात्र या पावसाळ्यात ताजा नारिंगी गंज चढला. आत्या म्हणते, चिंच लावून घास. पितळेला ते चालतं, पण आंबट लागलं तर रंगच सुटेल, म्हणून हात लावू दिला नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने खरवडून) ड्यूको रंग मारायचं आणि फळी वेल्ड करायचं सुचवलं. बीड नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं तर शेजारीच तडकतं. आणि रंग एकदा गेला की गेलाच. बाबांचे हात लागून जिथे तो झिजलाय, ती जागा मला तशीच हवी आहे.

सध्या कोरड्या ब्रशने धूळ काढून डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलाय. संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण जुन्या रंगावरून लावलेलं चालेल का, की फक्त उघड्या लोखंडावर? चाकांचा गंज आधी तेल लावून काढावा का? आणि फळी न जोडता तुकडा वेगळा जपला तर बरं, की कुणी पितळी झाळ देऊन जोडली आहे? स्वतः केलेल्यांचा अनुभव हवा आहे. फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून इथेच टाकते.