मदत हवी आहे : बालगंधर्व रंगमंदिराच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका

नमस्कार. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली आणि २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, जे रसिकांसाठी खुले झाले, त्या पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावरील रंगमंदिराचा वापर कसा बदलत गेला, याची मी टिपणे काढत आहे.

वडिलांच्या ट्रंकेत संगीत नाटकाचे घडी पडून पिवळे झालेले एक तिकीट सापडले. मागे पेन्सिलीने ‘दोन वन्समोअर’ एवढेच लिहिले आहे. पुढे तिथेच लावणीचे फड रंगले, शाळांची स्नेहसंमेलने आणि सत्कार समारंभ झाले. लावणीच्या प्रयोगांच्या नोंदी फारशा कोणी जपल्या नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्यापैकी कोणाकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांतील तिकिटे, कार्यक्रमपत्रिका किंवा कलादालनातील प्रदर्शनांची निमंत्रणे असल्यास त्यांची छायाचित्रे कृपया येथे द्यावीत, तारीख दिसेल अशी.