वार्धक्यशास्त्र शिकायचंय, मार्गदर्शन हवंय

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात टीवायबीए करतेय, विषय मानसशास्त्र. पुढे वार्धक्यशास्त्राकडे वळायचंय. शेजारच्या काकूंना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं होतं. झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेईचना, त्या पदराला बोटं पुसत राहिल्या. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली, त्याचा अहवाल वाचतेय. फार मोलाचं काम आहे, पण मला माणसांत बसून काम करायचंय. मग एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू की मानसशास्त्रातच एमए? या क्षेत्रातल्या कुणी नोकरीचं खरं चित्र सांगाल का? आणि सुट्टीत ठाणे-नवी मुंबईतल्या ज्येष्ठांच्या एखाद्या विरंगुळा केंद्रात मदतीला जायचं तर कुणाला भेटू?