मदत हवी आहे: यूकेत घरी मुलं सांभाळायला कोर्स कुठला करावा लागतो? (जरा घाई आहे)

चिमणीचा_घास
नमस्कार मंडळी. मला यूकेत चाइल्डमाइंडर व्हायचंय, म्हणजे आपलं घरगुती पाळणाघर. त्यासाठी नक्की कुठला कोर्स लागतो आणि नाव कुठे नोंदवायचं? तासभर गूगल करून डोकं उठलंय. एका साइटवर लिहिलंय कोर्सची सक्ती नाही, दुसरी म्हणते कोर्स केल्याशिवाय अर्जच करता येत नाही. भारतात बालशिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा केलाय, तो चालेल का? सोमवारपासून सुरू करायचं आहे, त्यामुळे लवकर सांगा. "आधी शोधून बघा" असं कृपया लिहू नका, शोधलंय.

थेम्सकाठी
सोमवार म्हणजे कुठल्या महिन्यातला? मी रीडिंगजवळ राहते, २०१९ पासून रजिस्टर्ड आहे. अर्ज टाकल्यापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मला चार महिने लागले होते.

नोंदणी ऑफस्टेडकडे (पाळणाघरं तपासणारं सरकारी खातं), नाहीतर एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे. आठ वर्षांखालचं मूल, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त, आपल्या घरी आणि मोबदला घेऊन सांभाळणार असाल तर नोंदणी सक्तीची. मोठ्ठा कोर्स असा नाही. माझ्या वेळी ईवायएफएसचं (लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाची सरकारी नियमावली) प्रशिक्षण आधी करावं लागायचं, जानेवारी २०२४ पासून ती अट गेली. पण त्यात काय आहे ते माहीत हवं, घर बघायला येतात तेव्हा त्यावरच प्रश्न विचारतात. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा १२ तासांचा कोर्स मात्र हवाच, आणि तो दर तीन वर्षांनी पुन्हा. शिवाय बालसुरक्षेचं प्रशिक्षण, डीबीएस (गुन्ह्यांची नोंद नाही ना याची तपासणी), विमा, आरोग्याची माहिती, दोन ओळखीच्या माणसांची नावं. फी ३५ पौंड. डिप्लोमा असला तर चांगलंच, पण त्याने यातलं काहीही टळत नाही.

आता तुम्ही सांगा. व्हिसा कुठला? घर स्वतःचं की भाड्याचं? घरात सोळा वर्षांवरचं अजून कोण? स्वतःची मुलं आहेत का? कुणाची मुलं सांभाळणार, वयं काय? हे कळल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

जुगाडू_जनार्दन
एवढी यादी बघून माणूस नोकरीच करेल. वरच उत्तर आहे की. दोन तासांपेक्षा जास्त असेल तर नोंदणी ना? मग पावणेदोन तास ठेवा.

थेम्सकाठी
जनार्दनभाऊ, पावणेदोन तासांत त्या आईने ऑफिसला जाऊन यायचं की नुसतं स्टेशनवर चहा पिऊन परत यायचं?

पुणेरी_मावशी
सहकारनगरला २२ वर्षं पाळणाघर चालवलं हो मी. ना कोर्स ना फोर्स. १८ मुलं असायची, एकदासुद्धा कुणाला खरचटलं नाही. मूल रडायला लागलं की कडेवर घ्यायचं आणि खिडकीतला कावळा दाखवायचा. हल्ली सगळ्याला सर्टिफिकेट लागतं. चिमणीताई, जेवणाचं मात्र नीट बघा. मऊ भात, वरण, तूप. भाजीला शेंगदाण्याचं कूट जास्त घालायचं, पोट भरतं आणि मुलं दुपारी दोन तास गाढ झोपतात.

चिमणीचा_घास
अहो, मी फक्त कोर्स विचारला होता. असो, घ्या माहिती. व्हिसा डिपेंडंट, नवरा स्किल्ड वर्करवर. घर भाड्याचं, दोन बेडरूम. माझी स्वतःची मुलगी दोन वर्षांची. मैत्रिणीचं बाळ ११ महिन्यांचं, ते गेला महिनाभर आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडेच असतं. नको म्हटलं तरी ती दिवसाचे ४० पौंड हातात कोंबून जाते. सोमवारपासून तिच्या ऑफिसातल्या एकीचा तीन वर्षांचा मुलगा पण येणार आहे, म्हणून म्हटलं आता रीतसर करू. ब्रिस्टलजवळ राहतो. अजून काही? रेशनकार्ड?

खडूस_कारकून
म्हणजे नोंदणी न करता पैसे घेऊन मूल सांभाळणं महिनाभर चालू आहे, आणि ते आपण जाहीर मंचावर रकमेसकट लिहिलंत. तिथे हे बेकायदेशीर आहे. संपादनाची सोय खाली उजवीकडे असते.

जुगाडू_जनार्दन
घाबरवू नका हो त्यांना. ताई, रोख घेऊ नका, इतकंच. मैत्रिणीला म्हणावं आठवड्याचा किराणा भरून दे. मैत्रीत कुणी हिशेब विचारत नाही.

थेम्सकाठी
विचारतात. मोबदला म्हणजे फक्त नोटा असं नाही. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये पोलीस खात्यातल्या दोन बायका आळीपाळीने एकमेकींच्या मुली सांभाळत होत्या. एक पैसा दिला-घेतला नव्हता. तरी ऑफस्टेडने म्हटलं, तू माझी सांभाळ मी तुझी सांभाळते हाच मोबदला झाला. पेपरांत केवढा गदारोळ झाला, मग सरकारने मैत्रिणींमधली अशी अदलाबदल नियमातून वगळली. किराणा त्यात बसतो की नाही ते आधी विचारून घ्यायला हवं. जनार्दनभाऊ, तुम्ही कुठल्या देशात असता?

जुगाडू_जनार्दन
मी कुठे असतो याचा इथे संबंध नाही. (नाशिक.) बरं, दुसरा उपाय. त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन बाळ सांभाळा. आपलं घरच नाही तर कसलं पाळणाघर?

थेम्सकाठी
हे मात्र पहिल्यांदा बरोबर बोललात. मुलाच्या घरी जाऊन सांभाळलं तर ती नॅनी, तिला नोंदणीची सक्ती नसते. पण मग मैत्रीण कायद्याने मालक होते. किमान वेतन, पगारपत्रक, कर कापणं, सुट्टीचे पैसे, सगळं तिच्या गळ्यात. ४० पौंडांत पूर्ण दिवस भागणार नाही. आणि चिमणीताईंची लेक रोज कुठे ठेवणार?

इसारकाठचा_बंडू
जर्मनीत हे फार सोपं आहे. आमच्या सौ. म्युनिकला टागेसमुटर आहेत, म्हणजे तिथल्या चाइल्डमाइंडर. युगेंडआम्टकडून (मुलांसाठीचं स्थानिक सरकारी कार्यालय) परवाना घ्यायचा, पाच वर्षं चालतो, एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं. अर्थात आधी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात आणि जर्मन उत्तम यायला हवी. आमच्या सौ.ला भाषेलाच अडीच वर्षं लागली.

खडूस_कारकून
"फार सोपं आहे."

थेम्सकाठी
चिमणीताई, व्हिसाची काळजी करू नका. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला स्वतःचा व्यवसाय करता येतो. तुम्ही स्टुडंट व्हिसावर असतात तर नसता आला. वर्षाला १००० पौंडांवर कमाई गेली की एचएमआरसीकडे (कर खातं) सेल्फ असेसमेंटची, म्हणजे स्वतः कर-विवरण भरण्याची, नोंदणी करायची, ते वेगळं.

लँडलॉर्डची लेखी परवानगी आधी मिळवा. माझ्या ओळखीत एकीने सगळं केलं आणि शेवटी एजंट नाही म्हणाला.

मुलांची संख्या. तुमची लेक धरून मोजायची, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आठ वर्षांखालची सहा, त्यांत पाचाखालची साधारण तीन, त्यांत वर्षाखालचं एक. लेक, बाळ आणि तो मुलगा, झाली तीन. चौथं मूल कुणी कितीही गयावया केली तरी घेऊ नका.

आणि घर बघायला येतात तेव्हाची माझी फजिती सांगते. जिन्याला फाटक लावलं, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधल्या, सिंकखालच्या कपाटाला कुलूप केलं. बाई सगळीकडे हिंडल्या, मान डोलावत होत्या. मग हॉलच्या कोपऱ्यात वाकल्या. आमचा देव्हारा जमिनीपासून फूटभर उंचीवर. निरांजन, काडेपेटी, कापूर, आणि हळदीकुंकवाच्या उघड्या वाट्या. "रांगणारं मूल इथे पोचेल का?" म्हणाल्या. मला दरदरून घाम. त्याच रात्री देव फ्रिजवर गेले ते अजून तिथेच आहेत.

पुणेरी_मावशी
देव फ्रिजवर?? खाली मासे असतील तर?

थेम्सकाठी
मावशी, आम्ही शाकाहारी आहोत.

ड्रॅगनच्या_देशात
मी स्वान्सीला असते, एरवी इथे फक्त वाचते. धागा पहिल्यापासून वाचला. एका साइटवर कोर्स लागतो आणि दुसरीवर नाही, हे वाचून शंका आली. चिमणीताई, ब्रिस्टलजवळ म्हणजे नेमकं कुठे? पोस्टकोडची सुरुवातीची दोनच अक्षरं सांगा.

चिमणीचा_घास
एनपी. चेपस्टो. पुलावरचा टोल बंद झाल्यापासून बरेच जण इकडे राहायला आलेत, भाडं कमी पडतं. नवरा रोज पूल ओलांडून ब्रिस्टलला जातो.

ड्रॅगनच्या_देशात
वाटलंच. तुम्ही वेल्समध्ये आहात!

चिमणीचा_घास
हो, वेल्समध्येच आहे की. पाट्या दोन भाषांत असतात, डबे कचऱ्याचे वेगळे. पण यूके एकच ना?

खडूस_कारकून
पंधरा प्रतिसादांनंतर पत्ता.

ड्रॅगनच्या_देशात
बाकी एकच असेल, पण मुलं सांभाळण्याच्या बाबतीत चार देश आहेत. ऑफस्टेड आणि ईवायएफएस फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंडला केअर इन्स्पेक्टोरेट, उत्तर आयर्लंडमध्ये हेल्थ अँड सोशल केअर ट्रस्ट, आणि आपल्याकडे केअर इन्स्पेक्टोरेट वेल्स, सगळे सीआयडब्ल्यू म्हणतात. नाव तिथे नोंदवायचं.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, वेल्समध्ये अर्जाआधी कोर्स करावाच लागतो. नोंदणीपूर्व कोर्स, दोन भागांत. पहिला घरी मुलं सांभाळण्याची ओळख, दुसरा चाइल्डमाइंडिंगची प्रत्यक्ष तयारी. दुसऱ्यात तुमच्याकडून धोरणं लिहून घेतात: मूल हरवलं तर काय, आई न्यायला आलीच नाही तर काय, तक्रार आली तर काय. मी पहिल्यांदा "असं होणारच नाही" लिहिलं होतं, ते परत आलं. प्रथमोपचार इथेही हवाच.

इथे आठ नाही, बारा वर्षांपर्यंतची मुलं नियमात येतात, २०१६ पासून. म्हणजे शाळा सुटल्यावर शेजारचा दहा वर्षांचा मुलगा पैसे घेऊन तीन तास ठेवला तरी नोंदणी लागते. संख्या पण वेगळी. बाराखालची दहा, त्यांत आठाखालची सहा, पाचाखालची तीन, त्यांत दीड वर्षाखालची साधारण दोन. तुमची तीन बसतात, पण पाचाखालच्या जागा संपल्या.

सुरुवात अशी करा. तुमच्या कौन्सिलच्या फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिसला फोन करा. कोर्सच्या तारखा तेच सांगतात, पैशांची काही मदत असली तर तीही. त्याच दिवशी भारतातल्या पोलीस क्लिअरन्सचा अर्ज टाका. माझं सगळं झालं होतं आणि त्या एका कागदासाठी अडकले, कारण पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आणि इथल्या कागदांवर नंतरचं.

चिमणीचा_घास
म्हणजे थेम्सकाठी यांनी एवढं सगळं लिहिलं ते वाया?

थेम्सकाठी
वाया कशाला? विमा, डीबीएस, लँडलॉर्ड, व्हिसा, देव्हारा, हे सगळं लागू आहे. पण पहिल्याच ओळीत चेपस्टो लिहिलं असतंत तर माझी डाळ खाली लागली नसती.

चिमणीचा_घास
सॉरी. आणि थँक्यू. सोमवारचं काय करू? मुलाची आई नोकरीवर रुजू होतेय, मी हो म्हणून बसलेय.

ड्रॅगनच्या_देशात
नाही म्हणून सांगा, आजच. मैत्रिणीलाही सांगा, पैसे बंद. ती घरी असताना तुम्ही नुसत्या मदतीला गेलात तर तो प्रश्न वेगळा. तिला रजिस्टर्ड चाइल्डमाइंडरची यादी त्याच फॅमिली इन्फर्मेशनवाल्यांकडे मिळेल.

जुगाडू_जनार्दन
सासूबाईंना बोलावून घ्या. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतील, त्या सांभाळतील बाळ.

थेम्सकाठी
व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, जनार्दनभाऊ. स्वतःची नात मांडीवर घेतील, मैत्रिणीचं बाळ पैसे घेऊन नाही.

चिमणीचा_घास
अय्या, सासूबाई खरंच येणार आहेत, मे महिन्यात, सहा महिन्यांसाठी! त्यांचं पण डीबीएस?

ड्रॅगनच्या_देशात
घरात राहणाऱ्या सोळावरच्या प्रत्येकाचं लागतं. सहा महिने राहणारं माणूस म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा नव्हे. तिकीट काढायच्या आधी सीआयडब्ल्यूला कळवा आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

खडूस_कारकून
सुनेने सासूची पोलीस चौकशी लावली. ही बातमी गावाकडे कशी पोचते ते बघायला मी धागा फॉलो करतोय.

चिमणीचा_घास
अपडेट. मैत्रिणीशी बोलले. फुगून बसलीये, "तू पण आता नियम सांगायला लागलीस" म्हणाली. बाळाचा टोपीवाला स्वेटर माझ्याकडेच राहिलाय, तो न्यायला पण आली नाही. त्या दुसऱ्या बाईंना कळवलं, त्या उलट थँक्यू म्हणाल्या. फॅमिली इन्फर्मेशनवाल्या बाईंनी कोर्सची पुढची तारीख दिलीये. पोलीस क्लिअरन्सचा फॉर्म उघडलाय, माझंही आडनाव दोन प्रकारे आहे. लँडलॉर्डला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.

ड्रॅगनच्या_देशात
छान. जेवण देणार असाल तर अॅलर्जीचा तक्ता आत्ताच करून ठेवा. नियमात १४ पदार्थ आहेत. शेंगदाणे आणि तीळ आहेतच, पण मोहरीसुद्धा आहे. म्हणजे नुसती फोडणी दिली तरी लिहावं लागतं. आणि कूट तर डब्यासकट मुलांच्या स्वयंपाकातून बाहेर.

पुणेरी_मावशी
कूट बाहेर? मग भेंडीच्या भाजीला काय घालायचं?

इसारकाठचा_बंडू
आमच्या सौ. ओलं खोबरं घालतात. फ्रोझन मिळतं.

पुणेरी_मावशी
भेंडीला खोबरं! बंडू, तुम्ही मूळचे कुठले?