स्प्लेंडरच्या डाव्या बाजूने ऑइल गळून राहिलं, घरीच बंद होईल का?

महालकर:
गाडी १०० सीसी स्प्लेंडर, कार्ब्युरेटरवाली, ६० हजार किमी झालेली. रात्रभर मेन स्टँडवर उभी राहिली की फरशीवर रुपयाएवढे दोन डाग पडतात, गिअर पेडलच्या खाली. हजार किमीमागे साधारण १०० मिली ऑइल टाकावं लागून राहिलं. धूर नाही, पिकअप बरोबर आहे. मेकॅनिक म्हणतात इंजिन खोलावं लागन. घरी टी-पाने, रिंग पान्यांचा सेट, नोज प्लायर आहे. खरंच खोलावं लागते का? सामान कोणतं आणू?

सील_बेअरिंग:
खोलायची घाई करू नका भाऊ. आधी गळती कुठून आहे ते पक्कं करा. ऑइल वाऱ्याने मागे जाते आणि वजनाने खाली उतरते, म्हणून जिथून थेंब पडतो तिथे बहुतेक वेळा दोष नसतोच.

इंजिन थंड असताना डावी बाजू रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, आणि कोरडी पुसा. रॉकेलचा थर राहिला तर पुढची परीक्षा वाया जाते. मग अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा: हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) टॅपेट झाकणांभोवती, सिलिंडरच्या बुडाशी, मॅग्नेट कव्हरच्या (डावीकडच्या झाकणाच्या) कडेने आणि पुढच्या स्प्रॉकेटमागे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागे). गाडी पाच किमी चालवून टॉर्चने बघा. ओल्या भागांपैकी जी जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तिथून गळती.

पुढच्या स्प्रॉकेटजवळचा काळा चिखल पाहून फसू नका. चेनला लावलेलं ऑइल तिथेच जमा होते, आणि लोक त्यालाच लीक समजतात.

रिंगरोड_गॅरेज:
वरच्यात एक भर. गळती शोधण्याआधी लेव्हल बघा. गाडी मेन स्टँडवर सरळ, इंजिन तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका. आटे बसवून मोजलं की लेव्हल खोटी वर दिसते.

बाटली संपवायची म्हणून सगळं ऑइल ओतलं असेल तर ते जास्त होते आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून), सीलमधून (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यातून) बाहेर येते. ब्रीदरची रबरी नळी इंजिनपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जाते, ती काढून फुंकून बघा. दुमडलेली किंवा चिखलाने बंद असली तर क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या खोक्यात) दाब साठतो, आणि मग नवीन सीलही महिन्याभरात गळतं. हे न बघता सील बदलणं म्हणजे पैसे वाया.

आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात सिमेंट रोडचा ताव खालून. रबर वर्षानुवर्षे भाजून कडक होते आणि सीलचा ओठ (आतली कड) शाफ्टला धरत नाही. ६० हजारावर सील जाणं यात नवल नाही.

महालकर:
ब्रीदर मोकळा आहे. लेव्हल खालच्या खुणेजवळ. पावडर टाकून पाहिली, टॅपेट आणि मॅग्नेट कव्हर कोरडं आहे. स्प्रॉकेटच्या मागे आणि गिअर शाफ्टच्या (पेडल ज्यावर बसते त्या दांड्याच्या) खाली ओलं.

सील_बेअरिंग:
मग इंजिन खोलू नका. तिथे तीनच जागा असतात: स्प्रॉकेट शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील आणि न्यूट्रल स्विचची ओ-रिंग. तिन्ही एकदमच बदला, सामान फार महाग नाही आणि खोलायची मेहनत एकच.

ऑइल बदलायला आलंच असेल तर गरम असताना आधी काढून घ्या. ड्रेन बोल्टचा (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर नवीन घ्या. गिअर पेडलचा बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा, नुसता सैल केला तर पेडल निघत नाही. पेडल आणि शाफ्टवर खडूची खूण करा, नाहीतर उंची चुकते. स्प्रॉकेटवरचं कव्हर काढा, मागचा एक्सल सैल करून चेन उतरवा, मग लॉक प्लेटचे दोन बोल्ट काढले की स्प्रॉकेट बाहेर.

जुनं सील हुकाने ओढा, शाफ्टला आणि भोकाला ओरखडा जाऊ देऊ नका. सीलच्या तोंडावर आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते सील हातात घेऊनच दुकानात जा. काही इंजिनात सीलला आतून कड असते आणि ते बाहेरून निघत नाही, म्हणून जोर करू नका. सहज हललं नाही तर तिथेच थांबा.

शाफ्टवर बोट फिरवा. सीलच्या ओठाने बारीक खाच पडलेली असली तर नवीन सील अर्धा-एक मिमी अलीकडे बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर फिरेल. शाफ्टच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळा, ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत. सीलच्या बाहेरच्या कडेच्या मापाचा सॉकेट ठेवून हलक्या ठोक्यांनी चारी बाजूंनी सरळ बसवा. तिरकं बसलं की पहिल्याच दिवशी गळतं.

रिंगरोड_गॅरेज:
आणि कृपा करून अ‍ॅनाबॉण्ड (पॅकिंगला लावायचा चिकट सीलंट) सगळीकडे लेपू नका. सीलला तर मुळीच नको. कव्हरच्या कागदी पॅकिंगवर लागलंच तर पातळ पुसट थर. जास्तीचा आत सुटून ऑइलच्या बारीक वाटा आणि जाळी बंद करतो, आणि गळती थांबवता थांबवता हेडला ऑइल मिळेनासं होते.

कव्हरचे छोटे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत. ड्रेन बोल्ट २४-२५. टॉर्क पाना नसेल तर आखूड दांडीचा पाना वापरा. केस अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे निघाले की खराद्याकडे जाऊन नवीन आटे बसवावे लागतात.

महालकर:
चेनचं लॉक (चेन जोडणारी क्लिप) काढावं लागलं तर? आणि ऑइल कोणतं टाकू?

सील_बेअरिंग:
लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने जाते तिकडे, उघडी बाजू मागे. उलटी लावली तर लॉक उडते. चेन ताणताना मधोमध २ ते ३ सेंमी हलली पाहिजे.

ऑइल १०डब्ल्यू-३०, बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं. कारचं ऑइल नको, क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो आणि घसरू लागतो. एकदम सगळं ओतू नका. जुनं काढलं असेल तर आधी मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी टाका, इंजिन चालवा, वर सांगितल्यासारखी लेव्हल बघा, मग ५०-५० मिली वाढवा.

रिंगरोड_गॅरेज:
मागचं चाक आणि ब्रेक बघायला विसरू नका. या जागेचं ऑइल चेनसोबत मागे उडून ब्रेक लायनरपर्यंत (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीपर्यंत) पोचू शकते. लायनर भिजला असला तर धुऊन चालत नाही, बदलायचा.

जुनं ऑइल नालीत ओतू नका. रिकाम्या बाटलीत भरून जवळच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, नाहीतर शेवटी ते नाग नदीतच जाते. काम झाल्यावर पावडर पुन्हा टाका, ५० किमीनंतर बघा, आणि तेव्हाच ऑइलची लेव्हल पुन्हा मोजा.