ऑलिम्पिक द्वीपकल्पाचा 101 महामार्ग : आईवडिलांना घेऊन जावे का?

प्रश्न

आम्ही सिॲटलजवळ राहतो. साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट अँजेलिस, फोर्क्स, क्लेलॉक असा फेरा घडवावा असे मनात आहे. वडील वनखात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे त्यांना झाडांची फार ओढ आहे. मात्र ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकांमागून दुपदरी रस्त्यावर गाडी चालवण्याची मला धास्ती वाटते. शिवाय वाटेतले तोडून उघडे केलेले डोंगर पाहून वडिलांचे मन खट्टू होईल का, अशीही शंका येते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1

अवश्य जा, आणि पोर्ट अँजेलिसकडूनच सुरुवात करा, म्हणजे दक्षिणेकडे येताना समुद्र उजव्या हाताला राहतो आणि गाडी थांबवण्यासाठी समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. हा महामार्ग किनाऱ्याचा म्हणून ओळखला जात असला तरी समुद्र खऱ्या अर्थाने दिसतो तो रूबी बीचपासून क्लेलॉकच्या पुढपर्यंत, जेमतेम 20 किलोमीटर. बाकी वाट जंगलातूनच जाते. ट्रक मागे लागला तर वेग वाढवू नका, रुंद जागा पाहून बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. मागे पाच गाड्या खोळंबल्या तर संथ वाहनाने बाजू द्यावी, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदाच आहे. पेट्रोल फोर्क्सला भरून घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण पुढे फोनला रेंज मिळेलच असे नाही. किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्रचंड ओंडक्यांवर मात्र कोणालाही बसू देऊ नका. एखादी लाट त्यांना सहज उचलते आणि माणूस खाली चिरडला जातो. भरतीची वेळ पाहूनच वाळूत उतरा.

उत्तर 2

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या प्रवासाचा गाभा तिथेच आहे. ते उघडे डोंगर वडिलांपासून लपवू नका. 1938 साली स्थापन झालेल्या इथल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात व्यापारी लाकूडतोड होत नाही. रस्त्यालगत दिसते ती मुख्यतः खासगी आणि राज्याच्या जमिनीवरची, जिथे तोडीनंतर पुन्हा लागवड करणे बंधनकारक आहे. एकाच वयाची, एकाच उंचीची डग्लस फर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांची रांग पाहिली की वनखात्यातला माणूस त्या लागवडीचे वय अंदाजाने सांगेल. 1990 मध्ये जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, 1994 च्या वनयोजनेनंतर केंद्र सरकारच्या जंगलांतली तोड फार घटली, आणि फोर्क्ससारख्या गावांतल्या कित्येक घरांची रोजीरोटी गेली. तिथले लाकूडतोडीचे संग्रहालय लहान आहे, पण चुकवू नये.

एक गोष्ट वडिलांना मुद्दाम दाखवा. जुन्या, कुजत चाललेल्या बुंध्यांवर माणसाच्या उंचीला पेटीच्या तोंडासारख्या खाचा दिसतात. बुंधा खाली फार पसरट असल्यामुळे तोडणारे त्या खाचांत फळ्या अडकवून, वर उभे राहून करवत ओढत. आम्ही पाहिलेल्या एका खाचेत हेमलॉकचे बोटभर रोप उगवले होते.

याच उद्यानातल्या होहच्या जंगलात वर्षाला सुमारे 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. इथे तो शरदापासून वसंतापर्यंत रेंगाळतो, म्हणूनच फांद्याफांद्यांवर शेवाळ लोंबते. आईंना तिथली सव्वा किलोमीटरची सोपी पायवाट जमेल. रेनकोट मात्र विसरू नका.

प्रश्नकर्ता

आपले दोघांचेही मनापासून आभार. फोर्क्सला दोन रात्री मुक्काम करायचे ठरवले आहे. खाचांबद्दलचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो करवतीच्या लांबीचा.