बाबांचं अर्धवट राहिलेलं टेलिमास्टर पूर्ण करायचंय, पेट्रोल इंजिन बसवून. सल्ला हवा (ठाणे)

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आत सीनियर टेलिमास्टर या रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा पूर्ण मापाचा प्लॅन होता, घड्यांवर लावलेली सेलोटेप पिवळी पडून सुटलेली. शिवाय बाल्सा या हलक्या लाकडाच्या चाळीसेक फळ्या आणि कापून, घासून तयार केलेल्या सात रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या. प्रत्येक रिबवर पेन्सिलीने नंबर घातलेला. सातही डाव्या पंखाच्या. उजव्या पंखाची एकही नाही. काम तिथेच थांबलं.

ते विमान मला पूर्ण करायचंय. फोमचं इलेक्ट्रिक ट्रेनर दोन वर्षं उडवतोय, लँडिंग आता बरं जमतं. लाकूडकाम मात्र कधी केलेलं नाही आणि इंजिनाला तर हातही लावलेला नाही. ट्रंकेत एक जुनं १० सीसीचं ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या प्लगवर, मिथेनॉलवर चालणारं) आहे, ते जाम झालंय. मला २० सीसीचं पेट्रोल इंजिन बसवावंसं वाटतंय. डीएलई-२० या इंजिनाबद्दल बरंच ऐकलंय.

वीस-बावीस वर्षांची ही फळी चालेल का? चिकटवायला काय वापरू? पेट्रोलचा विचार बरोबर आहे का? आणि ठाण्यात राहून हे उडवायचं कुठे? घर चौथ्या मजल्यावर आहे, काम गॅलरीत करणार. कृपया सविस्तर सांगा, मला घाई नाही.

कळव्याचा फिटर

आधी फळी. बाल्सा कोरडा राहिला असेल तर वीस वर्षांनी काही होत नाही. वाळवीची भोकं आणि बुरशीचे काळे डाग तेवढे बघा. मग प्रत्येक फळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून तिचं वजन तिच्यावरच लिहा. ३६ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ मिमी जाड फळी ३० ग्रॅमच्या आसपास भरली तर ती हलकी, ती शेपटीला ठेवा. ४५ च्या पुढे गेली तर कडक, ती स्पारला (पंखाच्या लांब कण्याला) आणि धडाच्या लांब पट्ट्यांना. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत एवढा फरक सापडतो. नुसतं हातात घेऊन तो ओळखता यायला वर्षं जातात, काटा लगेच सांगतो.

रिबच्या फळीचे तंतूही बघा. उजेडात धरल्यावर तुकड्यावर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ती आडवी वाकत नाही, रिबला तीच हवी. जी गोल वळते ती पंखाच्या पुढच्या कडेच्या आवरणाला ठेवा. बाबांच्या सात रिब याच नजरेने बघा. प्रत्येक रिबवर नंबर घालणाऱ्या माणसाने लाकूड निवडूनच घेतलं असणार.

गोंद जागेप्रमाणे बदला. रिब आणि स्पारला फेविकॉल चालतो, पण वाळल्यावर तो रबरासारखा राहतो आणि पॉलिश पेपरने नीट घासला जात नाही. म्हणून जी कड पुढे घासायची आहे तिथे पिवळा वूड ग्लू घ्या. सायनो (सुपरग्लू) पटकन लागतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत उघडी बाटली महिन्या-दोन महिन्यांत घट्ट होते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून फ्रिजमध्ये ठेवा. गॅलरीत काम करताना सायनोचा धूर डोळ्यांत जातो, वाऱ्याकडे पाठ करून बसा.

आता फायरवॉल, म्हणजे नाकातली प्लायची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं. माझं पहिलं पेट्रोल विमान दीड वर्ष खपून बांधलं होतं. चौथ्या उड्डाणात, वर चढत असताना इंजिन फायरवॉलसकट सुटून खाली आलं. नाकाचं वजन गेल्यावर उरलेलं विमान पानासारखं उलटंपालटं होत भाताच्या शेतात पडलं. फायरवॉल उचलून पाहिली. चिकटवलेली कड काचेसारखी गुळगुळीत होती, बाल्साचा एक तंतू तिला लागलेला नव्हता. मी पेट्रोल मुरू नये म्हणून प्लायला आधीच पातळ इपॉक्सीचा हात दिला होता आणि त्या चकचकीत थरावर पाच मिनिटांच्या इपॉक्सीने सांधा केला होता. चूक पूर्ण माझी.

तुम्ही असं करा. ६ मिमी बर्च प्लाय, कडा ८० नंबरने खरवडलेल्या, सांध्याला सावकाश वाळणारं अॅराल्डाइट आणि रात्रभर क्लॅम्प. आतून चारही कोनांत बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या. मग धडाच्या बाजूंनी प्लायच्या कडेत भोकं पाडून बांबूच्या काड्या गोंद लावून ठोका. हे सगळं झाल्यावरच पेट्रोलपासून बचावाचा थर. इंजिनाचे बोल्ट टी-नटमध्ये (प्लायमध्ये रुतून बसणारे नट), निळं लॉकटाइट लावून, म्हणजे थरथरीने सैल होत नाहीत. अॅलन बोल्ट आणि टी-नट मुंबईत नागदेवीला सुटे मिळतात.

नौपाड्याचे आजोबा

माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या वडिलांचं ग्लो इंजिन जाम नसून चिकटलेलं असण्याची शक्यता जास्त. एरंडेल तेल वर्षानुवर्षं राहिलं की वार्निशसारखं होतं. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने चांगलं गरम करा आणि प्रॉप (पुढचा पंखा) हलक्या हाताने मागेपुढे करा. जोर लावू नका, आपसूक सुटेल. टेलिमास्टर हा जर्मनीतल्या कार्ल-हाइन्झ डेन्झिन यांचा आराखडा, १० सीसीच्या जमान्यातला. ९४ इंचांचा पंख असल्यामुळे तेवढ्या इंजिनावरही तो आरामात तरंगतो.

पेट्रोलच हवं असेल तर माझा विरोध नाही. ग्लोचं इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. ते महाग पडतं आणि विमान तेलाने माखून निघतं. एका लिटर पेट्रोलमध्ये मिथेनॉलच्या दुप्पट ऊर्जा असते. अमेरिकेतले मॉडेल विमानवाले मेनार्ड हिल यांचं विमान ऑगस्ट २००३ मध्ये न्यूफाउंडलंडहून सुटून ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडला उतरलं, ते बाल्साचं होतं आणि इंधनासकट ५ किलोच्या आत होतं. त्यांनी मूळ ग्लो इंजिनात मिथेनॉलऐवजी कॅम्पिंगच्या कंदिलाचं, पेट्रोलसारखं इंधन वापरलं होतं. हिल यांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. ही बातमी मी त्या वेळी किती लोकांना वाचून दाखवली असेल!

घणसोलीकर

पेट्रोलचा निर्णय योग्य आहे, पण वजनाचा हिशेब आजच करा. डीएलई-२० इंजिन, सायलेन्सर आणि इग्निशन मिळून ८०० ग्रॅमच्या वर जातं. टेलिमास्टरचं शेपूट स्वतः उचल देणारं आहे, म्हणून त्याचा सीजी, म्हणजे तोल साधणारा बिंदू, इतर ट्रेनरपेक्षा मागे असतो. पंखाच्या रुंदीच्या २५-३० टक्क्यांचा नेहमीचा ठोकताळा इथे लावू नका, प्लॅनवरची खूणच पाळा. नाक जड झालं तर दोन्ही बॅटऱ्या आणि शेपटीचे सर्वो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) मागे सरकवा. शिसं चिकटवायची वेळ येऊ देऊ नका.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते आणि ठिणगी रेडिओत घुसते. इग्निशन मॉड्यूल आणि रिसीव्हर यांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. इग्निशनला स्वतंत्र बॅटरी द्या. थ्रॉटलच्या दांड्याला धातू धातूवर घासू देऊ नका, मध्ये नायलॉनचा जोड हवा. ट्रान्समीटरवरून इग्निशन तोडणारा ऑप्टिकल किल स्विच ऐच्छिक समजू नका. रिसीव्हरचं फेलसेफ लावून, सिग्नल गेल्यावर थ्रॉटल खरोखर बंद होतो का, हे जमिनीवर डोळ्यांनी बघा.

टाकीची नळी सिलिकॉनची नको, पेट्रोलमध्ये ती फुगते आणि सुटते. पिवळी टायगॉन नळी घ्या, टाकीचं बूचही पेट्रोलचंच. ग्लोची टाकी तशीच बसवून फसलेले मी खूप पाहिलेत.

मिश्रण सुरुवातीला ३०:१, म्हणजे लिटरला ३३ मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. म्हणून त्या दिवसापुरतंच मिसळा, शेवटी इंजिन थांबेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. तसाच ठेवला तर आतला पातळ पडदा कडक होतो आणि पुढच्या रविवारी इंजिन घेतच नाही. आणि पेट्रोल घरात साठवू नका. चौथ्या मजल्यावर गॅलरीत तर अजिबात नाही.

खारघरची ताई

मी मैदानाबद्दल लिहिते, कारण इथे सगळे आधी इंजिन घेतात आणि मग जागा शोधत फिरतात.

नवी मुंबईत आता विसरा. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू आहेत. उलवे, पनवेल, खारघर, बेलापूर इथे आम्ही वर्षानुवर्षं सकाळी जायचो ते सगळं संपलं. मला त्याचं वाईट वाटतं, पण वर खरी माणसं बसलेलं विमान असतं, त्यामुळे यात वाद नाही. खाडीकाठही नको. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. दोन स्ट्रोकच्या आवाजाने अख्खा थवा उठतो, मी ते एकदा पाहिलंय आणि परत पाहायचं नाही. ठाण्यात येऊरला राष्ट्रीय उद्यान आणि कोलशेतला हवाई दल. कल्याणजवळच्या नेवाळीची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. ती जमीन नौदलाच्या ताब्यातली, २०१७ साली तिथे शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. तिथे जाऊ नका.

ड्रोन नियम २०२१ मध्ये आपल्या विमानांचाही विचार आहे. शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं २५ किलोपर्यंतचं मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाला सरकारी मान्यता) लागत नाही, पण आकाश कुठलं हे बघावंच लागतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर गाव शोधा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच. लाल म्हणजे नाही.

आम्ही सध्या मुरबाडच्या बाजूला जातो. भात कापल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे. शेतकऱ्याला आधी भेटा, वाल पेरलाय का विचारा, गाडी कुठे लावायची तेही त्यालाच विचारा. दोन बांध काढून सत्तर-ऐंशी मीटरची पट्टी त्यानेच ट्रॅक्टरने सपाट करून दिली. धसकटांत छोटी चाकं अडकून विमान नाकावर जातं, ४-५ इंचांची चाकं लावा. सकाळी सात ते नऊ. दहा वाजले की खारा वारा सुटतो, एवढ्या मोठ्या सपाट पंखाला तो झेपत नाही.

आणखी एक. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. बाहेरून इंजिन मागवताना पावतीवर वर्णन नीट लिहून घ्या.

पाचपाखाडीकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, इंजिन हेअर ड्रायरने सुटलं! घरभर एरंडेलाचा वास पसरला आणि आई आतल्या खोलीतून बाहेर आली. म्हणाली, हा वास रविवारचा. ते इंजिन आता स्वच्छ करून ट्रंकेतच ठेवलंय. विमानाला पेट्रोलच बसवतोय, ताई जातात त्या मुरबाडकडच्या गावी जाऊन शेतकऱ्याला भेटलो त्यानंतरच ऑर्डर दिली.

पहिलं स्टार्ट करताना नेमकं काय करायचं ते कोणी सांगेल का?

घणसोलीकर

एकटे करू नका, हे पहिलं. शेपटी खुंटीला बांधा आणि दुसरा माणूस धडाला धरून ठेवा. त्याचा हात प्रॉपच्या मागे, बाजूला कधीच नाही. १६ इंचांचा प्रॉप बोट तोडतो, घाबरवायला सांगत नाही. हातात जाड चामड्याचा मोजा, गळ्यात मफलर किंवा आयडी कार्डची दोरी नको.

कार्बोरेटरच्या दोन्ही सुया (पेट्रोल कमीजास्त करणारे स्क्रू) सव्वा ते दीड फेरा उघड्या. चोक बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल जरासा उघडा. प्रॉप फिरवत राहा. एकदा कोरडं ‘फट्’ होईल आणि थांबेल. तिथेच चोक उघडा. तो आवाज चुकला आणि चोक बंदच ठेवून फिरवत राहिलात तर इंजिन ओलं होतं, मग प्लग काढून पुसत बसा. चोक उघडल्यावर चार-पाच फटक्यांत धरतं.

पहिल्या दोन टाक्या जमिनीवर, जरा गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणात. मग फुल थ्रॉटलला एच सुई (जास्त वेगाची) हळू बंद करत सर्वात चढा आवाज शोधा आणि तिथून किंचित उघडा, आवाज थोडासा उतरेल इतकी. शेवटी दोघांनी धरून नाक वर करा. आवाज पडला तर मिश्रण अजून पातळ आहे, सुई उघडा. हे सगळं मुरबाडलाच. सोसायटीच्या गच्चीवर कोणी सुचवलं तरी नको.

पाचपाखाडीकर

कळवतो. परवाच्या रविवारी तिसऱ्या प्रयत्नात ‘फट्’ झालं. धरायला फिटर दादा स्वतः आले होते. दोन टाक्या जाळल्या, बोल्ट तपासले, एकही सैल नाही. फायरवॉलचे सांधे टॉर्चने बघितले, ठीक आहेत.

उजवा पंख पूर्ण झाला. त्याच्या रिब मी कापल्या, बाबांच्या रिबचा साचा करून. आता शेवटचा प्रश्न कव्हरिंगचा, म्हणजे सांगाड्यावर इस्त्रीने ताणायच्या फिल्मचा. पेन्सिलीचे नंबर झाकावेसे वाटत नाहीत. पारदर्शक फिल्म लावली तर चालेल का?

कळव्याचा फिटर

खालच्या बाजूला लावा. ओराकव्हर कंपनीच्या फिल्ममध्ये पारदर्शक मिळते, हातात तिरपा धरला की नंबर वाचता येतील. वरून मात्र गडद रंग हवाच आणि दोन्ही पंखांना वेगळा पट्टा, नाहीतर दोनशे मीटरवर विमान येतंय की जातंय ते कळत नाही. इस्त्री मे महिन्याच्या आत उरका. पावसाळ्यात ओल धरलेल्या पंखावर फिल्म ताणली तर दिवाळीत लाकूड सुकतं आणि सुरकुत्या येतात.

आणि उजवा पंख आधी करा. हात बसेपर्यंत डाव्याचा नंबर येईल, बाबांच्या रिबवर घाई नको. मी येतो शनिवारी, माझी इस्त्री घेऊन.