अनुभव धागा : योजना आहे, पण दवाखान्याच्या दारात काय झालं?

२ जुलै २०१२ ला दवाखान्यात मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पिवळ्या-केशरी रेशन कार्डाची अट २०२३ च्या निर्णयाने गेली, वर्षाला कुटुंबामागे उपचारांची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली. तुमच्या घरात काय घडलं ते लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.

कुंभारीहून
आई विड्या वळते. पहाटे तिच्या छातीत कळ आली, रिक्षाने शहरात आणलं. काउंटरवर म्हणाले, "आधारवर आडनाव वेगळं, रेशन कार्डावर वेगळं. आधी चाळीस हजार भरा." आमच्या तेलुगू घरांत हे नेहमीचंच, प्रत्येक कागदावर आडनाव निराळं लिहिलेलं. बाबांनी कारखान्यातून उचल घेतली. चार दिवसांनी तिथल्याच आरोग्यमित्राकडून (योजनेचा दवाखान्यात बसणारा मदतनीस) कळलं की तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. आई बरी आहे. उचल अजून फिटतेय. आणि ही गोष्ट पहाटे कुणीच सांगितली नाही, याची चीड जात नाही.

अशोक चौक
माझं डायलिसिस योजनेतून होतं, पैसे लागत नाहीत. पण आठवड्याला दोन खाडे पडतात आणि यंत्रमागावर खाड्याचा पगार नाही.

अक्कलकोट तालुका
वडिलांना साखर. रोजच्या गोळ्या, रक्त तपासणी, डॉक्टरला नुसतं दाखवणं, यातलं काही योजनेत बसत नाही. भरती झालं तरच. महिन्याला सहाशे रुपये लागायचे. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी गुपचूप गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. ते ऑपरेशन मात्र पूर्ण मोफत झालं.

जुळे सोलापूर
चांगलंही लिहिते. बहिणीच्या मुलाच्या हृदयाला छिद्र होतं. आरोग्यमित्र ताई मंजुरी येईपर्यंत स्वतः मागे लागल्या. आता तो शाळेत जातो.

पुन्हा कुंभारीहून
एक विचारायचं राहिलं. सत्तरीवरच्यांना उत्पन्न न बघता मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आजी ७४ ची. पन्नास वर्षं विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. डोळ्यांवरून ओळख पटवणारं केंद्र जवळ कुठे आहे? तिचं खुब्याचं ऑपरेशन त्यावर अडलंय.